सहा जणींची शर्यत

दत्तोबा बिरादारांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि घरातली मोटारसायकल योगिनीच्या हातात आली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती, नुकताच मेकॅनिकलचा डिप्लोमा संपवून बालानगरच्या एका कारखान्यात व्हॉल्व्ह तपासायच्या कामाला लागली होती. दत्तोबा मूळचे बीदरकडचे. शेती भावांवर सोपवून तरुणपणी हैदराबादला आले, सुलतान बाजारातल्या एका साड्यांच्या दुकानात लागले आणि तिथंच राहिले. तीस वर्षं गादीवर मांडी घालून साड्या उलगडल्या, त्यात गुडघा गेला. ऑपरेशननंतर किक मारता येईना, बसमध्ये उभं राहवेना. मग असं ठरलं की योगिनीनं त्यांना कुकटपल्लीहून सुलतान बाजारला सोडायचं आणि उलटं फिरून बालानगरला कामावर जायचं.

हे चार वर्षं चाललं. त्या काळात मेट्रोचे खांब उभे राहत होते. मूसापेटपासून अमीरपेटपर्यंत निम्मा रस्ता पत्र्यांनी अडवलेला, उरलेल्यात बस, ऑटो, पाण्याचे टँकर. दत्तोबा मागं बसून "हल्लू, बाई, हल्लू" म्हणत राहायचे. पण त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. आधी त्यांना स्वतःला सव्वा तास लागायचा, लेकीला पन्नास मिनिटं लागत होती, आणि तरी ती जोरात चालवत नव्हती. पुढं कुठं जागा होणार आहे हे तिला आधी कळायचं. जागा झाली की ती तिथं असायची, एवढंच.

हीच गोष्ट दुसऱ्या कुणाला दिसली असेल तर ती खाजाभाईंना. मूसापेटला त्यांचं गॅरेज होतं. साठीचा माणूस, तरुणपणी मातीच्या ट्रॅकवर शर्यती केलेला, डाव्या हाताची दोन बोटं न वाकणारा. गाडी सर्व्हिसिंगला आली की ते आधी टायर बघायचे, मग ब्रेक.

"अगे, तू ब्रेक कायकू नै मारती?" त्यांनी एकदा विचारलं.

"लागत नाही म्हणून," योगिनी म्हणाली.

खाजाभाईंनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि ब्रेकचा स्क्रू आवळला. मग २०१६ साली एका मोटारसायकल कंपनीनं बायकांच्या शर्यतीसाठी निवड चाचणी ठेवली, तेव्हा त्याचा कागद त्यांनीच तिच्या हातात दिला. चाचणी शहराबाहेरच्या गो-कार्टच्या ट्रॅकवर होती. एकतीस जणी आल्या होत्या. बऱ्याच जणींकडं महागड्या गाड्या होत्या, स्वतःची जॅकेटं होती. योगिनी खाजाभाईंच्या पुतण्याचं जॅकेट घालून गेली. पाच जणी निवडल्या, त्यात ती दुसरी.

घरी तिनं सांगितलं, कंपनीचं ट्रेनिंग आहे, चेन्नईला जायचंय. कुठल्या कंपनीचं, कसलं, हे सांगितलं नाही. दोन दिवसांनी परत आली आणि घामानं भिजलेला चामड्याचा शर्यतीचा पोशाख तिनं गॅलरीत वाळत घातला. तिची आई, भामाबाई, सकाळी दूध घ्यायला बाहेर आल्या आणि दचकल्या.

"हे काय गं, माणूस टांगल्यासारखं?"

मग सगळं सांगावंच लागलं. भामाबाईंनी आदळआपट केली नाही, पण दिवसभर स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. दत्तोबा चार दिवस गाडीवर मागं बसून नुसते हल्लू म्हणत राहिले. पाचव्या दिवशी नामपल्लीच्या सिग्नलला त्यांनी विचारलं, "पडलीस तर?"

"पडतातच, आप्पा. पडायचं कसं तेही शिकवतात."

"कसं?"

"गाडी सोडून द्यायची. धरून ठेवायची नाही. हातपाय आखडून न घेता घसरत जायचं."

सिग्नल सुटला. त्या दिवशी दत्तोबांनी हल्लू म्हटलं नाही.

चेन्नईजवळच्या त्या ट्रॅकवर तिची पहिली शर्यत झाली तेव्हा नऊ जणींत ती सातवी आली. शहरात जे तिच्या कामी आलं होतं ते इथं अर्धंच कामाचं होतं. इथं समोरून कुणी येत नव्हतं, खड्डे नव्हते, पण वळण कुठून धरायचं आणि कुठं सोडायचं याची एक ठरलेली वाट होती, तिला सगळे लाइन म्हणायचे. ती चुकली की मागची पुढं. ब्रेक कधी लावायचा ते सांगायला कडेला पाट्या होत्या, दोनशे मीटर, शंभर मीटर. जी बाई शंभरच्या पाटीपर्यंत ब्रेक न लावता जाऊ शकते तिनं दीडशेला ब्रेक लावणारीला मागं टाकलंच म्हणून समजा. योगिनी पहिल्या वर्षी दीडशेला लावायची. दुसऱ्या वर्षी सव्वाशेला आली आणि तिसरा क्रमांक मिळाला. त्याच वर्षी एकदा पुढचं चाक निसटलं आणि गळ्याजवळचं हाड मोडलं.

हैदराबादला आल्यावर कोठीतल्या एका हाडांच्या दवाखान्यात तिचे तीन वेळा एक्स-रे काढले. काढणारा गौतम नावाचा शांत मुलगा होता, निझामाबादकडचा. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "हाड जुळलंय. पण तुम्ही परत याल असं वाटतंय." ती म्हणाली, "हाडासाठी नाही येणार." पुढं सहा वर्षांनी त्यांचं लग्न झालं. गौतमला मोटारसायकल येत नव्हती, तो बसनं हिंडायचा, आणि याबद्दल त्याला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. मधल्या काळात भामाबाईंनी दोन स्थळं आणली होती. दोघांकडच्यांनी आधी शर्यत सोडायला सांगितलं, म्हणून ती बोलणी पहिल्या चहापुढं गेली नाहीत.

२०१८ साली योगिनी बायकांच्या त्या गटाची विजेती झाली. चषक फ्रिजवर ठेवला, कारण घरात दुसरी मोकळी जागा नव्हती. दत्तोबा आता मेट्रोनं जायला लागले होते. दुकानातल्या गिऱ्हाइकांना साडी दाखवता दाखवता लेकीचा फोटोही दाखवायचे आणि बायका साडी सोडून फोटोच बघत बसायच्या.

खरी अडचण पुढच्या वर्षी आली. शर्यतीच्या नियमात एक ओळ होती, जिच्याकडं तोवर कुणी लक्ष दिलं नव्हतं. गटात किमान सहा जणी उभ्या राहिल्या पाहिजेत, नाहीतर तो गट मोसमातल्या त्या फेरीपुरता रद्द. सुरुवातीला नऊ जणी होत्या. एकीचं लग्न झालं, एक परदेशी गेली, दोघींना घरून बंदी आली, एकीची कंबर गेली. २०१९च्या दुसऱ्या फेरीला योगिनी सव्वासहाशे किलोमीटरवरून पोचली तेव्हा तिथं चार जणी होत्या. शर्यत झाली नाही. चौघींनी पोशाख पिशवीत भरले आणि कँटीनमध्ये डोसे खाऊन परत निघाल्या.

परतीच्या गाडीत योगिनीनं एकच विचार केला. आपण कितीही जोरात चालवली तरी एकटीची शर्यत होत नाही. सहा जणी हव्यात. कंपनी त्या आणणार नाही, तिला बाकी कामं आहेत. मग कुणीतरी आणल्या पाहिजेत.

शंकरपल्लीच्या रस्त्याला एक लेआउट होतं. प्लॉट पाडलेले, डांबरी रस्ते झालेले, विजेचे खांब उभे, पण घर एकही नाही. मालक खाजाभाईंच्या ओळखीचा निघाला. दर रविवारी सकाळी योगिनी तिथं रस्त्यावर प्लास्टिकचे शंकू मांडायची आणि ज्या येतील त्यांना शिकवायची. पहिल्या रविवारी दोघी आल्या, त्यातली एक नुसती फोटो काढायला. मधे कोरोनाचं वर्ष गेलं. २०२१मध्ये येणाऱ्या अकरा झाल्या.

त्यांत श्रुती केतकर होती. पुण्याची, आईवडलांबरोबर लहानपणीच हैदराबादला आलेली, आयटी कंपनीत नोकरीला. मराठी बोलायची छान पण वाचताना अडखळायची, त्यामुळं योगिनीला तिच्यासाठी सूचना लिहून न देता मोबाइलवर बोलून पाठवाव्या लागायच्या. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "ताई, वळताना बघायचं कुठं?" बाकीच्या जणी वेग विचारत होत्या, टायर विचारत होत्या. योगिनी म्हणाली, "जिथं बाहेर पडायचंय तिथं." श्रुतीनं तसं केलं आणि चौथ्या फेरीला वळताना गाडी इतकी कलली की तिचा गुडघा जमिनीला लागला.

दुसरी होती माधवी. चौतीस वर्षांची, दिलसुखनगरच्या एका शाळेत चित्रकला शिकवायची. तिला जिंकण्याची हौस नव्हती. आठवड्यातून एकदा आपण कुणाची आई, बायको, बाई नाही, एवढ्यासाठी ती यायची. योगिनीनं मागं लागून तिलाही शर्यतीचा परवाना काढायला लावला. माधवीनं दोन शर्यती केल्या, दोन्हीत शेवटी आली, मग सासूबाई आजारी पडल्या आणि तिनं येणं थांबवलं. परवाना मात्र चालू होता.

२०२२च्या मोसमात माधवी नव्हती, पण हैदराबादच्या दुसऱ्या तिघी धरून गटात कशाबशा सहा जणी जमल्या. तरी एका फेरीला एकीला डेंग्यू झाला आणि ती फेरी गेलीच. शेवटच्या फेरीला जाताना गुणांत योगिनी पहिली होती आणि श्रुती तिच्यापेक्षा फक्त तीन गुणांनी मागं. शुक्रवारी सकाळी सरावात विजयवाड्याची एक मुलगी पडली. मनगट मोडलं. पाच जणी उरल्या.

कंपनीच्या संघाचा व्यवस्थापक चिन्मय मुंबईचा होता. तो योगिनीला शोधत ट्रॅकवरच्या गॅरेजमध्ये आला.

"रद्द होणार," तो म्हणाला. "पण तुला काळजी नाही. आहेत तेच गुण धरतील. तू चॅम्पियन."

"आणि पुढल्या वर्षी?"

चिन्मयनं मोबाइल उगाच उघडला, बंद केला. "खरं सांगू? एका मोसमात दोनदा रद्द झाला तर वरचे हा गट ठेवतील असं मला वाटत नाही. पण ते पुढचं पुढं. आज तू जिंकलीयस."

"नवीन नाव कधीपर्यंत देता येतं?"

"उद्या दहापर्यंत. पण कुणाचं देणार?"

योगिनी पिटच्या, म्हणजे शर्यतीच्या गाड्या थांबतात तिथल्या, भिंतीच्या टोकाला जाऊन बसली. अर्धा तास बसली असेल. ती काही साधुसंत नव्हती. गप्प बसलो तर कुणी विचारणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. माधवीचा परवाना चालू आहे हे तिच्याशिवाय तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. चार वर्षांनी परत विजेतेपद आलं होतं, वय एकोणतीस झालं होतं, आणि श्रुती दर फेरीला तिच्या जवळ जवळ येत होती. पुढल्या वर्षी ती पुढं जाणार हेही दिसत होतं. पण पुढल्या वर्षी गटच नसेल तर लेआउटवर येणाऱ्या त्या अकरा जणींना आपण काय शिकवत होतो? आणि न झालेल्या शर्यतीचा चषक फ्रिजवर ठेवून आप्पा गिऱ्हाइकांना काय सांगतील?

तिनं फोन लावला. माधवी मधल्या सुट्टीत होती.

"मी सहा महिने गाडीवर बसले नाही गं," माधवी म्हणाली.

"तुला जिंकायचं नाही. सुरू करायची आणि संपवायची. गाडी कंपनी देते. पोशाख मी बघते."

"आणि तुझे गुण? श्रुती म्हणत होती..."

"माझं मी बघते. तू संध्याकाळची गाडी पकड."

खाजाभाईंना कळलं तेव्हा त्यांनी तिला लगेच फोन लावला. म्हणाले, "दिमाग खराब हुआ क्या तेरा?" आणि थोड्या वेळानं, "टायर का प्रेशर सुबू को फिर देख ले."

माधवी शनिवारी सकाळी पोचली. मनगट मोडलेल्या मुलीचा पोशाख तिला सैल होत होता, पण चालला. दहाला पाच मिनिटं असताना सहावं नाव कागदावर चढलं.

शर्यत रविवारी झाली. ट्रॅकच्या आठ फेऱ्या. सुरुवात योगिनीची चांगली झाली आणि पहिल्या वळणापासून ती पुढं होती. श्रुती मागं चिकटून होती. सरळ रस्त्यावर ती योगिनीच्या पाठीमागं, वारा कमी अडवतो त्या जागेत शिरायची, जवळ यायची, आणि वळणाआधी योगिनी शंभरच्या पाटीपर्यंत ब्रेक न लावता तिला परत मागं टाकायची. सात फेऱ्या हेच चाललं. बाकीच्या तिघी बऱ्याच मागं होत्या, आणि माधवी त्यांच्याही मागं, एकटी, सांगितल्याप्रमाणे शर्यत संपवत चाललेली.

शेवटच्या फेरीत पुढच्या दोघींनी माधवीला गाठलं. त्या तिच्या एक पूर्ण फेरी पुढं जाणार होत्या. वळणाच्या अलीकडं मार्शलनं निळा झेंडा हलवला. निळा झेंडा म्हणजे मागून वेगवान गाड्या येतायत, आपली वाट न बदलता चालत राहा, त्या आपल्या बाजूनं जातील. माधवीला तो दिसला, पण त्याचा अर्थ तिनं वेगळा घेतला. ती वाट करून द्यायला आतल्या बाजूला सरकली. योगिनी त्याच वेळी आतून शिरत होती. तिला अंग उचलून ब्रेक लावावा लागला. श्रुती बाहेरून निघून गेली.

पुढं चार वळणं होती. योगिनीनं सगळं केलं जे करता येत होतं. तीन दशांश सेकंदांनी श्रुती जिंकली आणि दोन गुणांनी विजेती झाली.

योगिनीनं हेल्मेट काढलं, श्रुतीला मिठी मारली, फोटोला उभी राहिली. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ तोंड धूत राहिली. बाहेर आली तेव्हा माधवी टेम्पोच्या मागं जमिनीवर बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"मी तुला रस्ता द्यायला गेले गं."

"माहीत आहे."

"मी यायलाच नको होतं."

योगिनी तिच्या शेजारी बसली. तिला आतून संताप येत होता, आणि तो माधवीवर काढायचा तर नीट जागा सापडत नव्हती. "निळा झेंडा आला तरी आपली वाट सोडायची नसते," ती शेवटी म्हणाली. "हे मी तुला कधी शिकवलंच नाही. लेआउटवर झेंडे कुठं होते आपल्याकडं."

एवढं बोलली खरी, पण मनातलं जायला वेळ लागला. घरी परतल्यावर ती तीन रविवार शंकरपल्लीला गेली नाही. श्रुतीचे फोन उचलले नाहीत. दत्तोबांनी दुसऱ्या क्रमांकाचा छोटा चषक हातात घेऊन उलटापालटा पाहिला.

"त्या बाईला तूच बोलावलीस म्हणं," ते म्हणाले.

"हो."

"कामून?"

"नाहीतर शर्यत झाली नसती."

दत्तोबांनी मान हलवली. त्यांना पटलं की नाही ते कळलं नाही. भामाबाई मात्र पहिल्यांदाच शर्यतीबद्दल आपणहून बोलल्या. "ती श्रुती रोज माझ्या फोनवर फोन करायलीय," त्या म्हणाल्या. "मी काय सांगत बसू तिला?"

चौथ्या रविवारी श्रुती स्वतःच घरी आली. दारात उभी राहून म्हणाली, "ताई, तू रागावली असशील तर रागाव. पण शिकवणं बंद नको करू. तिकडं आठ जणी येऊन थांबल्यात, मला शंकू कुठं लावायचे तेसुद्धा कळत नाहीये."

योगिनीनं गाडीची किल्ली घेतली. जाताना भामाबाईंकडून एक निळी, एक पिवळी आणि एक लाल ओढणी मागून घेतली. त्या दिवसापासून लेआउटवर झेंडे आले.

गट राहिला. २०२३ला नऊ जणी उभ्या होत्या, त्याच्या पुढल्या वर्षी अकरा. योगिनीचा त्यात पहिल्या वर्षी तिसरा नंबर आला. दुसऱ्या वर्षी मोसमाच्या मध्यावर तिनं थांबायचं ठरवलं. पडली नव्हती, कुणी सांगितलं नव्हतं. शंभरच्या पाटीला लागणारा ब्रेक एकशेदहाला लागायला लागला होता. तिनं दोन फेऱ्या मुद्दाम लक्ष ठेवलं, हात आपोआप आधी जात होता. चिन्मयला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दहा मीटरनं काय होतं?" ती म्हणाली, "दहाचे वीस होतात. तोवर कशाला थांबू?" शेवटच्या शर्यतीत ती पाचवी आली. श्रुती त्या वर्षी दुसरी होती, पहिली आली ती कोइंबतूरची एकवीस वर्षांची मुलगी, जिला या दोघींपैकी कुणीही शिकवलं नव्हतं.

कंपनीनं योगिनीला प्रशिक्षक म्हणून घेतलं. व्हॉल्व्ह तपासायचं काम तिनं सोडलं. आता महिन्यातला एक आठवडा ती चेन्नईला असते, बाकीचे दिवस हैदराबादला. शंकरपल्लीच्या लेआउटवर घरं उठायला लागलीत, त्यामुळं खाजाभाई नवी जागा शोधतायत. माधवी अजून येते. झेंड्यांचा तास तीच घेते, चित्रं काढून समजावते आणि स्वतःचं काय चुकलं तेही न लाजता सांगते. बायका त्यावर हसतात, पण विसरत नाहीत.

गेल्या दिवाळीनंतर गौतमनंही गाडी शिकायला घेतली आहे. रविवारी सगळ्या जणी गेल्या की तो हेल्मेट घालून शंकूंच्या मधून फिरतो. दुसऱ्या गिअरच्या पुढं जायला तो अजून तयार नाही, आणि योगिनी त्याला घाई करत नाही.